शिक्षेची वाटणी

माझं काम ओरडायचं होतं. आतून बाबू नाव सांगायचे आणि मी कोर्टाच्या दारात येऊन, बाहेर तोंड करून, ते नाव तीनदा पुकारायची. नावाचा धनी झाडाखाली आडवा झालेला असो नाहीतर टपरीवर चहा पीत असो, त्याच्या कानात ते शिरलं पाहिजे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही तो आला नाही तर साहेब वॉरंट काढू शकतात. म्हणजे माझा घसा बसला तर एखादा माणूस फुकट आत जायचा. शिपायाच्या कामाला लोक हलकं म्हणतात. त्यांनी एकदा भरलेल्या आवारात टमटमच्या भोंग्यावर आवाज चढवून दाखवावा.

नावं पुकारता पुकारता एक गोष्ट ध्यानात आली. खेड्यातल्या मारामारीच्या खटल्यात एकच नाव कधी नसतं. रांगच असते. आमच्या भागातल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. फिर्याद देताना मारणाऱ्या एकट्याचं नाव देत नाहीत, त्या घरातले सगळे गडी घालतात. एक जरी बाहेर राहिला तर तो शेत बघणार, वकील बघणार, जामीन बघणार. सगळे आत गेले की घर बसतं. याला आमच्याकडं नावं घालणं म्हणतात, आणि ते करताना कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही.

एकदा मी आरोपी नंबर नऊ पुकारला, तर एक तरणा गडी एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन पायऱ्या चढला. आरोपी म्हणजे तो पाठीवरचा. त्याला दिसत नव्हतं आणि चालताही येत नव्हतं. फिर्यादीत लिहिलं होतं की त्यानं धावत येऊन दगड मारला.

साहेबांनी विचारलं, "बाबा, दगड मारला का?"

म्हातारा म्हणाला, "मारला असता की साहेब. पर हातात कुणीतरी द्याया पायजे व्हता."

सगळं कोर्ट हसलं. साहेबही खाली बघून हसले. पण सुटेपर्यंत म्हातारा दर तारखेला तसाच पाठीवरून येत राहिला, आणि पुढं कुणी हसलं नाही. शेवटी तो सुटला तेव्हा त्याची म्हातारी पायरीवर बसून त्याच्या पायात चपला घालत होती. चालता येत नसलेल्या माणसाला चपला कशाला, पण ती घालत होती. मला तिचा हेवा वाटला.

मला हेवा कुणाचाही वाटतो. जिचा माणूस त्या पायऱ्या उतरून घरी जातो, तिचा वाटतो. नोकरीभर वाटला. तो का, हे सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीचं काही सांगता येत नाही.

आधी कायदा सांगते, माझ्या समजेप्रमाणं. दोघाचौघांनी एका मनानं गुन्हा केला, तर प्रत्येकानं तो एकट्यानंच केला असं धरतात. जुन्या कायद्यात याचा आकडा चौतीस होता. हे सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. एकानं हात धरायचे आणि दुसऱ्यानं सुरा चालवायचा, मग धरणाऱ्यानं मी तर नुसता धरून होतो म्हणायचं, हे चालू द्यायचं नाही. पण त्या दोघांच्या मागं तिसरा नुसता उभा असतो. आणि चौथा, ज्यानं या तिघांना घरून पाठवलेलं असतं, तो घरीच असतो. कायदा तिसऱ्याला पटकन उचलतो, कारण तो तिथं सापडतो.

नवे कायदे आले तेव्हा वकील मंडळींनी एका निवृत्त न्यायाधीशांचं भाषण ठेवलं होतं. मी पेन्शनच्या कामाला गेले होते, जुन्या ओळखीनं मागची खुर्ची मिळाली. ते सांगत होते की ज्यानं जेवढं केलं तेवढीच त्याला शिक्षा, असा विचार मांडणारे लोक आहेत, त्यावर चर्चा व्हायला हवी. मी शेजारच्या पोरसवद्या वकिलाला विचारलं, "आपल्या चौतीसचं काय झालं?"

"मावशी, ते आता कलम तीनचं पोटकलम पाच झालं."

"आत काय बदललं?"

"आत तेच आहे."

मी चहा घेतला आणि घरी आले.

आता माझं. आमचं गाव जळकोटपासून आत आहे. त्या घरात आम्ही दोघी सख्ख्या बहिणी दिल्या होत्या. अक्का थोरल्याला, मी मधल्याला. धाकटा दीर दत्तू बिनलग्नाचा होता. शेताकडं जायचा गाडीरस्ता शेजाऱ्यानं बाभळीच्या काट्या टाकून बंद केला. सकाळी चहा पिताना थोरले म्हणाले, "आज रस्ता मोकळा केल्याबिगर घरी तोंड दाखवू नका." एवढं बोलून ते लग्नाच्या बोलणीसाठी तुळजापूरला गेले. माझ्या मालकांनी गाडी जुंपली. दत्तूनं काट्या तोडायला कुऱ्हाड घेतली. शेजारी आडवा आला, शिव्या झाल्या, आणि दत्तूनं कुऱ्हाड उलटी करून त्याच्या डोक्यात घातली. माणूस जागेवरच गेला. तेव्हा मालक गाडीपाशी बुजलेले बैल धरून उभे होते. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि मालक खोटं बोलत नाहीत. बोलले ते एकदाच, तेही कोर्टात.

पोलीस यायच्या आधी सासऱ्यांनी सगळ्यांना सोप्यात बसवलं. थोरलेही तोवर परत आले होते. सासरे म्हणाले, "दत्तू येकटा ग्येला तर फाशी व्हईल. दोघं ग्येले तर निम्मं निम्मं यील. थोड्या वर्सांत दोघंबी घरी."

थोरले म्हणाले, "म्या बी जातो की."

"तू ग्येलास तर घर कोण बघंल? अन् तू तर तिथं नव्हताच."

अक्कानं खाली मान घातली. ती मान कशानं खाली गेली ते मला चांगलं कळलं. सुटल्यासारखं वाटलेलं तोंड तिला मला दाखवायचं नव्हतं.

मालक म्हणाले, "निम्मं म्या घेतो."

वाचणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल. आम्हाला वाटला नाही. आमच्या घरात सगळंच वाटून होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून, सालगड्याचं जेवण वाटून, भावकीत सुतकसुद्धा वाटून. पोतं दोघांनी धरलं की हलकं होतं, मग शिक्षा का होणार नाही? सोप्यात बसलेल्या एकाच्याही मनात शंका आली नाही. माझ्याही नाही. मला फक्त एवढंच वाटलं की ते निम्मं थोरल्यांनी घ्यावं. रस्ता मोकळा करा म्हणाले ते थोरले. पण 'तिथं नव्हते' या दोन शब्दांच्या जागेवर ते उभे होते, आणि तिथून त्यांना कुणी हलवलं नाही. पोलिसांनीही नाही.

खटला चालला. शेजाऱ्याच्या भावानं साक्ष दिली की दोघांनी मिळून मारलं. आमच्या वकिलांनी मालकांना बजावलं होतं, तुम्ही काही बोलू नका, तुमच्यावर काही लागू होणार नाही असं मी बघतो. शेवटी साहेब प्रत्येक आरोपीला विचारतात, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मालक उभे राहिले.

"व्हय साहेब. आमी दोघं व्हतो. निम्मं माजं हाय."

साहेबांनी मान वर केली. "निम्मं म्हणजे काय?"

"निम्मं मारणं, साहेब."

वकिलांनी डोक्याला हात लावला. साहेबांनी पुन्हा नीट समजावून विचारलं, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय का. मालकांनी पुन्हा तेच सांगितलं, जास्त मोठ्यानं. साक्षीदार एक म्हणतो आणि आरोपी स्वतः तेच म्हणतो, मग साहेबांनी तरी काय करावं. दोघांना जन्मठेप झाली. बाहेर नेताना मालकांनी पोलिसाला विचारलं, "निम्मी किती झाली?"

पोलीस म्हणाला, "निम्मी कसली? तुला अख्खी, त्याला अख्खी."

मी मागंच होते. मला ते ऐकू आलं.

नोकरी मला त्या खटल्यातूनच लागली. तारखांना येऊन बसायची, बसल्या जागी वऱ्हांडा झाडायची, कारण घाण बघवत नाही. कोर्टातल्या कामगारांचं बघणारे नाझर साहेब एकदा म्हणाले, येतेसच तर रोज ये. आधी झाडू, मग पाणी भरणं, आणि चौथीचा दाखला निघाला तसं पुढं शिपाई. मुलगी लहान होती, तिला घेऊन मी शहरात खोली केली. गाव सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मला अक्काचं घर बघवत नव्हतं.

अक्का वाईट नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती एसटीनं यायची, दशम्या आणि शेंगांची चटणी आणायची, माझ्या मुलीला परकर शिवून आणायची. मी ते घ्यायची, खायची आणि तिचा हेवा करायची. घरात सत्यनारायण असला की पूजेला जोडी बसायची ती त्यांचीच. उपरण्याची आणि पदराची गाठ मारताना अक्काचा हात जरा जास्तच सावकाश चालतो असं मला वाटायचं. बहुतेक तसं नसेल. थोरल्यांना खोकला आला तरी मला राग यायचा, की खोकायला हा घरी आहे. नवरात्रात दोघं तुळजापूरला जाऊन आली की प्रसाद मला पोचायचा. मी तो दारातल्या शेळीला घालायची. शेळी काही तक्रार करत नव्हती.

एकदा अक्का म्हणाली, "तू माज्यावर जळतीस."

मी म्हणाले, "व्हय."

"मग म्या काय करू?"

"काय करू नको. डबा आणत जा."

ती आणत राहिली. एवढं खरं की आमच्या दोघींत त्यानंतर खोटं काही उरलं नाही.

दत्तू तिकडंच तुरुंगात काविळीनं गेला. मालक शिक्षा भोगून आले तेव्हा मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. राहायला ते माझ्याकडं शहरात आले, पण गावात गेले की त्यांना मान मिळायचा. भावासाठी गेला, भावासाठी गेला असं लोक म्हणायचे आणि पारावर त्यांना जागा करून द्यायचे. मालकांना ते आवडायचं. मी कधी म्हणाले की उगाच गेलात, तर म्हणायचे, "तुला न्हाय कळायचं. माज्या हिश्श्याचं म्या क्येलं." त्यांना पस्तावा नव्हता. मग त्यांच्या वाटणीचा पस्तावासुद्धा मीच करत बसले.

नोकरीच्या शेवटच्या काळात एक खटला आला. आरोपी तीन. तिसरा बसवराज, लोहाऱ्याच्या बाजूचा, वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी, जीप चालवणारा. दोन दोस्तांनी त्याला सांगितलं, जरा धाब्यावर सोड. हा सोडायला गेला आणि जीप चालू ठेवून बसला. दोस्तांनी धाबेवाल्याला आत जाऊन पाइपनं मारलं, तो चौथ्या दिवशी मेला. हा दोघांना परत गावात घेऊन आला, म्हणून हाही त्यात. तिघांचा वकील एकच, पहिल्या आरोपीच्या चुलत्यानं दिलेला, आणि तिघांचं म्हणणं एकच, की आम्ही तिकडं गेलोच नाही. जीप तर दहा माणसांनी बघितली होती.

बसवराजची बायको महानंदा दर तारखेला यायची. तुरुंगातून आरोपी आणले की वऱ्हांड्यात पोलिसाच्या नजरेखाली घरच्यांना दोन शब्द बोलता येतात. त्या दिवशी मी दाराशी उभी होते. महानंदा त्याला म्हणत होती, "खरं काय ते सांगून टाका की ओ. तुमी गाडीत व्हता."

बसवराज म्हणाला, "दोस्तास्नी उघडं पाडू व्हय? झालं ते तिघांचं झालं. तिघांत आली तर थोडी थोडी यील."

पोलीस त्याला आत घेऊन गेला. महानंदा तिथंच उभी राहिली.

मला तिची दया आली असं कुणी समजू नये. मला तिचा रागच होता. चांगली उंच, दंडाला रुद्राक्ष बांधलेली, आणि नवरा बोलताना तिच्याकडं बघत होता. माझ्या मालकांनी कोर्टात कधी माझ्याकडं मान वळवली नाही, मनानं ते दत्तूपाशीच होते. मनात आलं, हिनंही बघावं की. हिनंही मुलीच्या लग्नात एकटीनं उभं राहून बघावं. दोन पुकारे मी तसेच केले, तिच्याकडं न बघता.

कोर्टाच्या शिपायानं पक्षकाराशी खटल्याचं बोलायचं नसतं. तरी जेवणाच्या सुट्टीत मी तिला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं.

"ए बाई. शिक्षा वाटून मिळत न्हाय."

"म्हंजे, मावशी?"

"तिघांना झाली तर तिघांनाबी अख्खी. तुज्या नवऱ्यानं घेतली म्हणून त्या दोघांची बोटभर कमी व्हनार न्हाय."

तिनं डोळे मोठे केले. "खरं सांगतासा?"

"माज्या घरात झालंय. जन्मठेप."

ती मग म्हणाली, "पर ते ऐकत न्हाईत. दोस्ती म्हणतेत."

"दोस्ती कर म्हणावं, तुरुंगाबाहेर राहून डबे पोचव. वकील निराळा घे. पैसे नसले तर सरकार देतं, त्या समोरच्या खोलीत इचार. अन् माजं नाव कुठं काढू नको."

"मावशी, तुमी माज्यासाठी—"

"तुज्यासाठी न्हाय. जा आता."

तिनं निराळा वकील मागितला. मिळाली ती एक तरुण बाई, हुशार होती. नवऱ्याला समजवायला तिला आणि महानंदाला कितीतरी तारखा लागल्या. शेवटी साहेबांनी विचारलं तेव्हा बसवराज उभा राहिला आणि घाम पुसत म्हणाला, "साहेब, म्या सोडायला ग्येलतो. गाडीतून उतरलो न्हाय. आत काय करनार हे मला ठावं नव्हतं. आरडाओरडा ऐकून घाबरलो, अन् त्येंनी चल म्हणल्यावर निघालो." बाजूचे दोन दोस्त त्याच्याकडं बघत होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही, आणि ते त्याला जड गेलं हे मला दारातून दिसलं. दोस्तांचं आणि त्याचं बोलणं पुढं कायमचं तुटलं, असं मी ऐकलं. तेही खरं आहे. फुकट काही मिळत नाही.

निकालाच्या दिवशी पुकारा मीच केला. त्या दोघांना जन्मठेप झाली. बसवराज सुटला. साहेबांनी सांगितलं की तो गुन्ह्याच्या जागी होता, पण त्या दोघांच्या मनात होतं ते त्याच्या मनात होतं याला पुरावा नाही. हे एवढं एक वाक्य. माझ्या मालकांच्या मनात काय होतं तेही कुणीतरी असंच बघितलं असतं, मालकांनी बघू दिलं असतं तर. कायदा सुधारायचा म्हणतात त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. प्रत्येकाचं माप निराळं काढा. पाठवणाऱ्याला घरातून बाहेर काढा. आणि माणूस आपण होऊन दुसऱ्याचं अंगावर घेत असेल, तर त्याला पाच मिनिटं बाजूला बसवून आधी सांगा की हे पोतं दोघांनी धरून हलकं होत नाही.

महानंदा रडली बिडली नाही. नवरा पायऱ्या उतरला तशी त्याच्या दाढीवरून त्याला बोलायला लागली. "लेकरू वळखनार न्हाय तुमाला. आदी न्हाव्याकडं चला." तो हसत होता. दोघं रस्ता ओलांडून गेली. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं होतं. काम मी केलं, सांगितलं मी, आणि माणूस घरी नेला तिनं. मला आनंद व्हायला पाहिजे होता हे मला कळत होतं. झाला नाही. आतून बाबूंनी पुढचं नाव सांगितलं आणि मी ते पुकारलं.

घरी आले तर मालक दारात बाज टाकून बसले होते. "आज तोंड का पाडलंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. जीप, दोस्त, टाकीमागं बोलले ते, साहेबांचं वाक्य, दाढी. ते ऐकत होते. मला वाटलं आता म्हणतील, दोस्तांना सोडून आला, कसला गडी. त्यांचं नेहमीचं तेच. म्हणून मीच आधी म्हणाले, "मला त्या पोरीचा हेवा वाटतोय. खोटं कशाला बोलू."

ते बाजेची सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळत बसले.

"लेकराला वळखू येनार न्हाय म्हणली?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"किती मोठं हाय लेकरू?"

"शाळंत जायला लागलं असंल."

"म्हंजे वळखंल," ते म्हणाले. "दोन दिसांत वळखंल." मग सुतळी सोडून दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला त्या जीपवाल्या पोराचा वाटतोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. आमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते त्या दिवशी.